जिजीचं वय नक्की किती? जन्मसाल शोधायला मदत हवी

येरळाकाठ
आमची जिजी, म्हणजे वडिलांची आई, मागच्या महिन्यात गेली. आजारपण नाही, दवाखाना नाही. संध्याकाळी अंगणात बाजल्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सकाळी उठलीच नाही. सुपात दाणे एकीकडे, फोलपटं एकीकडे, तशीच होती.

तेराव्याला पंगत उठली आणि वाद सुरू झाला. थोरले काका म्हणाले, "आई शंभरी पार करून गेली." धाकटी आत्या म्हणाली, "काहीतरीच काय दादा, त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या पुढं एक दिवस नाही." आधार कार्डावर १ जानेवारी १९३० आहे, पण तो आकडा कुणी सांगितला ते कुणालाच आठवत नाही. फोटोची चौकट तयार आहे, खालची पट्टी कोरी आहे, आणि फोटोवाला रोज फोन करतो.

जिजी शाळेत गेली नाही. साल तिला सांगता येत नसे. ती सगळं घडलेल्या गोष्टींवरून सांगायची. आठवतंय तेवढं लिहितो, कुणाला काही जुळवता आलं तर बघा.

ती खटाव तालुक्यातली, माहेर वडूजजवळ. वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला तेव्हा ती "परकर-पोलक्यात" होती. बापाच्या मागं लागली म्हणून आईनं तिला मेढीला बांधून ठेवलं होतं. लग्न पत्री सरकारच्या माणसांनी लावलं. "दोन हार, एक भाषाण, झालं लगीन." थोरले काका धोंड्याच्या महिन्यात झाले, "झेंडा लागला त्याच दिसांत". धाकटी आत्या कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि तिच्या आईची पहिली दोन पोरं मानमोडीत गेली होती.

एवढंच आहे. काढा साल.

खवचट_मामा
आधी श्रद्धांजली. आता कामाचं बोलतो. फोटोखाली काहीही लिहा, फक्त "शंभरी भरली" असं लिहू नका. शिशुपालाची आठवण येते.

गणिती_गोंधळ
धागा आवडला. कोड्यासारखा आहे.

वडूजचा मोर्चा ९ सप्टेंबर १९४२ चा. परशुराम घार्गे आणि इतर हुतात्मे त्या दिवशीचे. पत्री सरकारचा जोर १९४३ ते १९४६, म्हणजे लग्न त्या तीन वर्षांत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, म्हणजे आत्या १२ डिसेंबरच्या. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. तिथून फक्त एवढंच कळतं की आजी त्यानंतरच्या.

आता धोंडा. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवसच मुळी अधिक श्रावणातला होता, वद्य चतुर्दशी. म्हणजे काकांचा जन्म जुलैअखेर ते ऑगस्टमध्य, १९४७. हे अगदी पक्कं. अधिक महिना बहुधा दर १९ वर्षांनी तोच येतो: १९४७, १९६६, १९८५, २००४, २०२३, सगळे अधिक श्रावण. काकांनी आयुष्यात चार वेळा खऱ्या तिथीने वाढदिवस केला असेल तर केला असेल.

थोडक्यात १९४२ ला परकर-पोलकं आणि १९४७ ला पहिलं मूल. काकांच्या हिशेबाने जन्म १९२५ चा धरला तर ४२ साली त्या सतरा वर्षांच्या. सतराव्या वर्षी परकर-पोलकं? त्या काळात? मला पटत नाही.

येरळाकाठ
आयला, अधिक श्रावण! काकांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले, "मग माझ्या शाळेच्या दाखल्यावर १ जून कसा?"

शिळी_भाकरी
१ जून 😂 अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला आणि उरलेल्या अर्ध्याचा १ जानेवारीला. मास्तरांनी पोरगं शाळेत बसवायचं आणि वय भरायचं म्हणून १ जून लिहायचं. आमच्या वर्गात एकोणीस जण एकाच दिवशी जन्मले होते. पेढे कुणीच वाटले नाहीत.

खवचट_मामा
माझाही १ जून. आमच्या घरी चार भावंडं, चौघांचा १ जून. आईची कमाल आहे.

चाळ_नंबर_तीन
साल काढायचं काम गणिती करतीलच. मला आमच्या आजीबद्दल लिहावंसं वाटलं, धागा भरकटला तर माफ करा.

आजी गिरणगावात खानावळ चालवायची. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं, एक पाळी झोपायला आली की दुसरी कामाला. जेवायला सतरा जण. तिला अक्षरओळख नव्हती. हिशोब स्वयंपाकाच्या भिंतीवर कोळशाने. प्रत्येकाची वेगळी खूण: एकाची विडी, एकाची टोपी, पोट सुटलेल्या एका काकांचा नुसता गोल. खुणेपुढे रेघा. पाचवी रेघ आडवी. महिन्याच्या पगाराला हिशोब चुकता झाला की ओल्या फडक्याने ती ओळ पुसायची. एकदा चाळीत रंगारी आले तर ती दारात उभी राहिली. "ही भिंत सोडून काय ते रंगवा." ती भिंत शेवटपर्यंत काळीच राहिली.

१९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यातून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. तोवर सगळा मामला सावकाराचा. आजीने पहिल्यांदा अंगठा बँकेत उठवला तेव्हा घरी येऊन अंगठा धुतला नाही म्हणे दिवसभर.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाखांच्या आसपास माणसं एका फटक्यात घरी. भिंतीवरच्या रेघा वाढत गेल्या आणि पुसल्या जाईनात. आजीने जेवण बंद केलं नाही. आधी मासळी गेली, मग डाळ पातळ झाली, मग भाताची पेज झाली, पण पान मांडलं जायचं. बरेच जण गावाला गेले ते परत आलेच नाहीत. त्यातला एक, तो विडीवाला, पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराला कोल्हापूरकडून आला, पायरीवर बसला आणि रुमालात बांधलेले पैसे काढले. आजीने भिंत बघितली. "सव्वीस रेघा हायत," म्हणाली. त्याने एकोणतीसचे पैसे आणले होते. तीन दिवसांचे तिने परत केले.

नुसताच_वाचक
चाळ, हे वेगळा लेख म्हणून टाका हो. इथे हरवून जाईल.

चाळ_नंबर_तीन
लेख वगैरे जमणार नाही. इथेच बरं आहे.

दप्तरदार
येरळाकाठ, कोडी सोडवत बसण्यापेक्षा कागद शोधा. तलाठ्याकडचा गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तो जन्म-मृत्यूच्या नोंदींचाच. कोतवाल गावात फिरून माहिती द्यायचा आणि नोंद व्हायची. जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात हीच पुस्तकं बाहेर निघाली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती आता फडताळात वर आलेली आहेत. तुमचं नशीब.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, त्या काळातली पुष्कळ पानं मोडीत. वाचणारा सोबत न्या. दुसरं, मुलाचं नाव सहसा नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढंच.

आणि माहेरचं गाव ब्रिटिश मुलखातलं की औंध संस्थानातलं ते आधी ठरवा. खटावात दोन्ही सरमिसळ होती. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, त्याचं दप्तर वेगळ्या वाटेने गेलं.

येरळाकाठ
ब्रिटिश. जिजीची मावशी औंध हद्दीत दिलेली, त्यावरून ती म्हणायची, "तकडं पोरांस्नी साळंत नमस्कार घालाय लावत्यात, आमच्याकडं नुसत्या छड्या."

अर्ज करतो. धन्यवाद.

खवचट_मामा
संस्थानातल्या असत्या तर सूर्यनमस्कार घालून खरंच शंभरी गाठली असती. राजेसाहेबांनी शाळांत सक्तीच केली होती ना.

गोधडीवाली
येरळाकाठ, जिजी गोधड्या शिवायच्या का? सातारकडच्या म्हणून विचारते.

येरळाकाठ
गोधडी म्हटलं तर ती चिडायची. वाकळ. जुनी लुगडी चार-पाच पदरी अंथरून, कडेकडेने आत धावदोरा घालत मधे यायची. मधे आल्यावर एक भाकरीचा तुकडा टाचायची. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाराला झोप लागत नाही म्हणे.

गोधडीवाली
तो तुकडा नंतर उंदीर खातात हे मी अनुभवाने सांगते 🙂 आमच्याकडे तांदळाचे चार दाणे.

पेठकर
आमच्या आजीचं कॅलेंडर दोन भागांत होतं: पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांत पाणी चढायला लागलं तेव्हा वाड्यातल्या बायका दागिन्यांचे डबे घेऊन धावल्या. आमची आजी पिठाचा डबा, स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली घेऊन शेजारच्या दगडी वाड्याच्या वरच्या मजल्यावर पोहोचली. आजोबा ओरडत होते, "अगं पाटल्या!" रात्री त्या मजल्यावर पन्नासएक माणसं अडकलेली, आणि आजीने सगळ्यांना पिठलं खाऊ घातलं. पाटल्या चिखलात गेल्या त्या गेल्याच. आजोबा पुढची वीस वर्षं पिठलं बघून सुस्कारा सोडायचे.

उंबरठा
वाचतेय सगळं. छान वाटतंय, पण एक वेगळा सूर लावते, राग मानू नका.

सगळ्यांच्या आज्या अशाच असतात का? कष्टाळू, काटकसरी, कोंड्याचा मांडा करणाऱ्या? माझी आजीही ब्याण्णव वर्षं जगली आणि अत्यंत हुशार होती. साखरेच्या डब्यात साखर सपाट करून त्यावर बोटाने खूण काढायची, सुनेने काढली तर कळावं म्हणून. आईच्या पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मोजून दिले, ते मुलगी झाली म्हणून निम्मे. मुलगी म्हणजे मी. किल्ल्या कमरेला शेवटपर्यंत. तीही युक्तीबाजच होती की. तीच अक्कल, फक्त दुसरीकडे वापरली.

आणि ज्या आज्या गोड होत्या, त्यांची काटकसर आपण गुण म्हणून मिरवतो. दुसरा रस्ता होता का त्यांना? येरळाकाठ यांच्या आजींना कुणी विचारलं होतं का, लग्न करायचंय का, किती मुलं हवीत? पत्री सरकारचं साधं लग्न आपल्याला भारी वाटतं. नवरीला काय वाटलं?

शिळी_भाकरी
झालं. आला मीठाचा खडा.

पेठकर
उंबरठा, धागा श्रद्धांजलीचा आहे. तेरा दिवस होऊन महिना नाही झाला त्यांना. जरा तारतम्य.

गोधडीवाली
का बरं? त्यांनी स्वतःच्याच आजीबद्दल लिहिलंय. मला पटलं. माझ्या आजीच्या गोधड्या आता भिंतीवर टांगायला मागतात लोक. ती थंडीने शिवायची.

येरळाकाठ
उंबरठा, राग नाही. जिजीही काही संतमाईबाई नव्हती. माझ्या आईला तिनं पहिली पाच वर्षं चुलीपुढून हलू दिलं नाही, हे आई अजून बोलून दाखवते. आईचं शिवणाचं मशीन माहेरून आलेलं, ते जिजीनं दोन वर्षं पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. "मशिनीवर बसलीस तर भाकऱ्या कोण थापणार?" पुढं तेच मशीन घर चालवायला लागलं तेव्हा तेल घालायला जिजीच पुढं.

लग्नाबद्दल तिला कधी विचारलं नाही. खरंच नाही विचारलं.

बोटीवरची
आमची आजी कोकणातली, ती "रामदास बुडाली त्या पावसात" असं म्हणायची. तीही १९४७ चीच, १७ जुलै. रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. आत्ता गणितींचं वाचून लक्षात आलं की त्यानंतर लगेचच धोंडा लागला. म्हणजे येरळाकाठ यांच्या काकांचा जन्म आणि आमच्या मोठ्या आजोबांचं जाणं एकाच पंधरवड्या-महिन्यातलं. असं काही जुळलं की अंगावर काटा येतो.

आजी त्यानंतर कधी बोटीत बसली नाही. मुंबईहून मनीऑर्डर यायची, तिच्या कुपनावर मागे दोन ओळी. ती कुपनं सुतळीत ओवून खुंटीला टांगलेली. घरात तिला एकटीलाच वाचता येत नव्हतं, आणि कुठल्या कुपनात काय लिहिलंय ते तिला एकटीलाच माहीत होतं. कागदाच्या डागावरून ओळखायची.

नुसताच_वाचक
येरळाकाठ, बहात्तरचा दुष्काळ? खटाव-माण म्हणजे त्याबद्दल काहीतरी असणारच.

येरळाकाठ
आहे ना. तीच तर घरातली मोठी गोष्ट.

बहात्तरला विहिरींचे तळ दिसत होते. आजोबा पाय मोडून घरी. जिजी पाझर तलावाच्या कामावर, आधी माती, मग खडी फोडायला. बरोबर धाकटा दीर आणि जाऊ. कामावर सुकडी मिळायची ती अर्धी पदरात बांधून पोरांना आणायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो. त्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापली की तुटायची. जिजी आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायची आणि केळीच्या नाहीतर पळसाच्या पानावर थापायची. वडील म्हणतात चव विसरलेलीच बरी.

पण गोष्ट ती नाही. मस्टरवर हजेरी मुकादम लावायचा, पगार पंधरवड्यानं. जिजीला वाचता येत नाही, म्हणून तिनं घरी एक गाडगं ठेवलं. रोज संध्याकाळी स्वतःच्या हजेरीचा एक चिंचोका, दिराचा एक बिब्बा, जावेची एक गुंज. अर्धा दिवस भरला तर फुटका चिंचोका. पगाराच्या दिवशी मुकादमानं नऊ दिवस वाचले. जिजी घरी आली, गाडगं उचललं, परत गेली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या टेबलावर पालथं केलं. साडेअकरा. मुकादम म्हणाला, "बाई, बियांवर सरकार पगार देत नाही." जिजी म्हणाली, "मग तुमी कशावर देता ते दाखवा." वरचा साहेब जवळच उभा होता. त्यानं मस्टर उलटं फिरवून बघितलं. पुढच्या पंधरवड्याला निम्म्या बायकांच्या पदरात चिंचोके.

ते गाडगं अजून आहे. आत्ता बघून आलो. तळाला एक बिब्बा चिकटलाय.

चाळ_नंबर_तीन
माझ्या आजीची भिंत आणि तुमच्या जिजीचं गाडगं. एकमेकींना भेटायला हव्या होत्या. पैसे बुडवणाऱ्यांची काही धडगत नव्हती.

खवचट_मामा
आमच्या हापिसात आता बोट लावून हजेरी होते. तरी पगारात दीड दिवस कमी येतो. चिंचोके गोळा करायला घेतो.

गणिती_गोंधळ
दुसऱ्यांचे अर्धे दिवससुद्धा मोजणाऱ्या बाईला स्वतःची वर्षं मोजाविशी वाटली नाहीत, गंमतच आहे.

बरं, सहस्रचंद्रदर्शन केलं होतं का? १००० पौर्णिमा म्हणजे ८० वर्षं १० महिने. त्यावरून मागे जाता येईल.

येरळाकाठ
केलं होतं, २०१० च्या दिवाळीनंतर. म्हणजे १९३० च आला. पण गुरुजींनी तेव्हा आधी घरचा कागदच मागितला होता, आणि कागदावर १९३० होतं. कागद चुकीचा तर चंद्रही चुकीचे.

दप्तरदार
कागदावरचं १९३० कुठून आलं ते सांगू? निराधार नाहीतर श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला होता का कधी? श्रावणबाळला ६५ पूर्ण लागतात. गावोगावी त्यासाठी वय दोन-तीन वर्षांनी पुढे ढकललेलं आहे. मग तेच मतदार यादीत, तेच आधारवर.

येरळाकाठ
आत्याला विचारलं. ती हसायलाच लागली. आजोबा गेल्यावर अर्ज केला होता, आणि "लिवा पासष्ट, कोण बघाय येतंय" असं खुद्द जिजीच म्हणाली होती. पुढं २०२२ मध्ये पंच्याहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा मात्र कागदाची गरजच पडली नाही. कंडक्टर चेहरा बघूनच पुढं जायचा, आणि जिजीला त्याचा राग. "कार्ड तर बघ की मुडद्या, उगं काडलंय व्हय?"

शिळी_भाकरी
मुडद्या 😂😂 ही शिवी ऐकून वर्षं झाली.

उंबरठा
जिजी आवडायला लागल्या आहेत मला. मघाशी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण आवडायला लागल्या आहेत.

येरळाकाठ
(बारा दिवसांनी लिहितोय)

नोंद मिळाली. खरं तर दोन मिळाल्या.

अभिलेख कक्षात दोन दिवस गेले. कागद इतके ठिसूळ की पान उलटताना श्वास धरायचा. मोडी वाचायला गावातलेच एक निवृत्त गुरुजी आले होते. जिजीच्या वडिलांच्या नावापुढे मुलगी, १९२९. पुढे तीन वर्षांनी परत त्यांच्याच नावापुढे मुलगी, मे १९३२. दोन्हीकडे नाव नाही. दप्तरदार म्हणाले होते तसंच.

आता यातली जिजी कोणती?

गणिती_गोंधळ
मृत्यूच्या नोंदी बघितल्या का? दोघींपैकी एक लहानपणी गेली असेल तर तिकडे सापडेल. जिजींना बहीण होती का?

येरळाकाठ
१९३० ते ३५ च्या मृत्यूच्या पानांना वाळवी लागलीय. जाळी झालीय नुसती.

बहिणीचं मात्र आत्याला माहीत होतं. जिजी तिला एकदा बोलली होती, आत्याच्या बाळंतपणात. थोरली एक होती, पाच-सहा वर्षांची होऊन देवीनं गेली. जिजीला तिचं तोंड आठवत नव्हतं, तिच्या पायातला वाळा तेवढा आठवत होता, कारण तोच पुढं हिच्या पायात घातला.

म्हणजे १९२९ ची ती. जिजी १९३२ ची.

गणिती_गोंधळ
मग सगळं जुळतं. वडूजच्या मोर्चाला १० वर्षांच्या. परकर-पोलकं, मेढीला बांधणं, अगदी बरोबर. लग्न १९४६ धरलं तर चौदा. शारदा कायद्याने मुलीला १४ च लागायची तेव्हा. आणि काकांचा जन्म ऑगस्ट १९४७. आत्याच्या वेळी पस्तीस. आत्या जिंकल्या.

पेठकर
अभिनंदन! आत्यांना साडी घ्या काकांकडून.

उंबरठा
ऑगस्ट १९४७ ला पंधरा वर्षं आणि तीन महिने.

गोधडीवाली
हो. माझी लेक पंधराची आहे. आत्ता आत झोपलीय.

येरळाकाठ
काकांना सांगायला मीच गेलो. नोंदीची नक्कल हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, मोडी त्यांना येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिले. मग बोटांवर मोजायला लागले. मला वाटलं आता भांडतील, नक्कल खोटी म्हणतील. ते म्हणाले, "म्हंजे मी झालो तवा ती आपल्या सोनीएवढी होती." सोनी म्हणजे त्यांची नात, दहावीला आहे.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं की ते लहान असताना जिजी त्यांच्याबरोबर गोट्या खेळायची, आणि हरली की रडायची. त्यांना वाटायचं पोराला खूश करायला रडतेय.

फोटोखाली "जन्म १९३२" लिहायला सांगितलंय. फोटोवाल्यानं शेजारी "अंदाजे" लिहू का विचारलं. काका म्हणाले, "अंदाज नाय. पक्कं लिव."

चाळ_नंबर_तीन
🙏

खवचट_मामा
आज विनोद नाही.

नुसताच_वाचक
येरळाकाठ, ते गाडगं सांभाळून ठेवा. आणि दप्तरदार, माझ्या आजोळचं गाव पूर्वी जत संस्थानात होतं, त्या नोंदी कुठे बघायच्या? वेगळा धागा काढू का?

दप्तरदार
काढा. लिहितो तिकडे.

गोधडीवाली
येरळाकाठ, एक राहिलंच. वाकळीचा धावदोरा जिजी कडेने आत घालायच्या म्हणालात, तर कोपऱ्याला दोरा तोडायच्या की वळवायच्या? माझी कोपऱ्यात गोळा होते. आणि भाकरी ज्वारीची की बाजरीची?

येरळाकाठ
वळवायची, तोडायची नाही. कोपऱ्याला तीन टाके आखूड घालायची, मग गोळा होत नाही. भाकरी ज्वारीची. बहात्तरला शिवलेली एक आहे आमच्याकडं, तिच्यात काय घातलंय ते उसवल्याशिवाय कळायचं नाही.